बेचाळीसला कूलर, तेहतीसला घाम

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यातून गोव्याला जाऊन आलेला माणूस आधी समुद्राचं वर्णन करतो, मग रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाचं आणि सकाळच्या नाश्त्याचं. ते सगळं सांगून झालं की थोडा थांबून एक गोष्ट विचारतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकतो, तरी आपण दुपारी शेतातून येऊन माठातलं पाणी पितो, कूलरसमोर बसतो आणि अर्ध्या तासात माणसात येतो. तिथं मोबाइलवर फक्त तेहतीस दिसत होतं. मग अंगाला सदरा का चिकटत होता? धुतलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच का होता? आणि एवढ्या महागड्या हॉटेलात एकही कूलर कसा नाही?

हे प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. जिंतूर तालुक्यातल्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसालाच ते पडू शकतात. समुद्राकाठी जन्मलेल्याला दमटपणा जाणवतच नाही. या प्रकरणात आपण एका रिसॉर्टच्या खोलीत मुक्कामाला जाऊ आणि तिथं पाणी काय काय करतं ते पाहू. हवेतलं पाणी, समुद्रातलं पाणी आणि शेवटी नळातलं.

१. कोरडा पंचा, ओला पंचा

हवा म्हणजे एक पंचा समजा. कोरड्या पंच्यानं अंग पुसलं की पाणी टिपलं जातं. तोच पंचा आधी भिजलेला असेल तर कितीही पुसा, अंग ओलंच राहतं. हवेचंही तसंच आहे. तिच्यात पाण्याची वाफ मावते, पण एका मर्यादेपर्यंत. ही मर्यादा तापमानाबरोबर वाढते, म्हणजे हवा जितकी गरम तितका पंचा मोठा. एक घनमीटर हवेत ४२ अंशांना सुमारे ५७ ग्रॅम वाफ मावते, ३३ अंशांना सुमारे ३६ ग्रॅम आणि २४ अंशांना जेमतेम २२ ग्रॅम.

हवामान खातं 'सापेक्ष आर्द्रता' सांगतं, ती म्हणजे पंचा किती भिजलेला आहे याची टक्केवारी. समजा, चारठाण्यात मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के आहे. म्हणजे ५७ ग्रॅमची जागा असलेल्या हवेत फक्त ११ ग्रॅम वाफ आहे आणि ४६ ग्रॅमची जागा रिकामी आहे. त्याच दुपारी पणजीजवळ ३३ अंश आणि ६५ टक्के आहेत असं धरा. जागा ३६ ग्रॅमची, त्यातली २३ भरलेली, उरली फक्त १३. चारठाण्याची हवा तुमचा घाम साडेतीन पट हावरेपणानं ओढून घेते.

घाम नुसता आल्यानं गारवा येत नाही, तो वाळला तरच येतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि घाम ती आपल्या अंगातून घेतो. ही उष्णता किती मोठी असते, ते पाहा. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो जेवढी उष्णता घेऊन जातो, तेवढीत सात लिटर साधं पाणी चुलीवर उकळीला येईल. समुद्राकाठी घाम येतो पण वाळत नाही, अंगावरून ओघळून जातो. शरीरातलं पाणी आणि मीठ गेलं, गारवा मात्र मिळाला नाही. म्हणून तिथं जीव कासावीस होतो.

आपल्याकडं मात्र याची दुसरी बाजू आहे आणि ती धोक्याची आहे. घाम इतक्या लगेच वाळतो की तो आला हेच कळत नाही. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातलं पाणी गुपचूप संपतं. दमट हवेत माणूस आधी हैराण होतो आणि सावलीत जातो, कोरड्या हवेत तो काम करत राहतो आणि एकदम कोसळतो. कमी त्रास म्हणजे कमी धोका, असं समजू नका.

२. कूलर तिथं का नसतो?

कूलर म्हणजे घाम येणारं यंत्रच आहे. पंखा बाहेरची हवा ओल्या गवतातून ओढतो, गवतातलं पाणी वाळतं, वाळताना हवेतली उष्णता घेतं आणि गार झालेली हवा खोलीत येते. ही हवा किती गार होऊ शकते याला निसर्गानं मर्यादा घातलेली आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथं थांबतो, तीच ही मर्यादा. चारठाण्याच्या ४२ अंश आणि २० टक्क्यांच्या हवेत ती सुमारे २४ अंश येते. गोव्याच्या ३३ अंश आणि ६५ टक्क्यांच्या हवेत सुमारे साडेसत्तावीस.

म्हणजे आपल्याकडं कूलरला अठरा अंश खाली उतरायला वाव आहे. प्रत्यक्षात तो बारा-तेरा अंश उतरला तरी आपण खूश. गोव्यात वाव साडेपाच अंशांचा आणि प्रत्यक्षात हाती येणार तीन-चार. त्यातही आधीच भिजलेल्या पंच्यावर कूलर आणखी पाणी ओततो. खोली थोडी गार होते, पण घाम वाळणं आणखी कठीण होतं. आपल्याकडंही पहिला पाऊस पडला की कूलर निकामी होतो आणि आपण त्यातलं पाणी काढून नुसता पंखा चालवतो. गोव्यात वर्षाचे बरेच महिने आपल्या जुलैसारखेच असतात.

म्हणून रिसॉर्टमध्ये एसी लागतो. हवा गार करणं हे त्याचं निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं हवा पिळण्याचं. एक हिशेब करू. खोली बारा बाय चौदा फूट, उंची दहा फूट. म्हणजे सुमारे ४८ घनमीटर हवा. संध्याकाळी २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दर घनमीटरला जवळपास २२ ग्रॅम वाफ. अठ्ठेचाळीस गुणिले बावीस म्हणजे एक हजार ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. नजरेला न दिसणारं एक लिटर पाणी खोलीत तरंगतं आहे! एसीच्या आतली थंडगार जाळी त्याला लागली की ते थेंब होऊन नळीतून बाहेर टपकतं. खोली २४ अंशांवर आली, आर्द्रता ५५ टक्क्यांवर आली, की त्यातलं जवळजवळ अर्धा लिटर बाहेर गेलेलं असतं.

आता समुद्र दिसावा म्हणून तुम्ही बाल्कनीचं दार उघडं टाकलं तर? बाहेरचा समुद्रच आत येतो. एसी पिळत राहतो आणि हवा पुन्हा भिजत राहते. २८ अंश आणि ८० टक्क्यांच्या हवेतली वाफ २४ अंशांच्या कोणत्याही वस्तूला लागली की तिचं दव बनतं. मग गार पडलेल्या फरश्यांवर ओल येते, आरशावर धुकं येतं, चादर गार नाही तर ओलसर लागते. पाहुणे फोन उचलून एसी बिघडल्याची तक्रार करतात. बऱ्याच हॉटेलांत बाल्कनीचं दार उघडलं की एसी आपोआप बंद पडतो, तो याच कारणासाठी. ज्यांना बाल्कनीत बसायचं आहे त्यांनी एसी बंद करून, दार लावून, खुशाल बसावं. खोलीतून बाहेर आल्यावर चष्म्यावर धुकं धरतं, तेही हेच दव.

३. माळवद आणि कौलं

एसी नव्हता तेव्हा समुद्राकाठचे लोक काय करत होते? आणि आपण काय करत होतो? दोघांची घरं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. जाड भिंती, लाकडी कड्यांवर दाबून बसवलेल्या मातीचं सपाट छत, लहान खिडक्या. कल्पना अशी की दुपारचं ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र व्हावी. दुपारी आत गार, रात्री छतावर अंथरूण. ही युक्ती चालते ती रात्र गार असते म्हणून. दिवसा साठलेली उष्णता रात्रीच्या कोरड्या, मोकळ्या आभाळात सोडून देता येते.

गोव्यात रात्रही दमट आणि उबदार. जाड भिंत गार होणार कधी? म्हणून तिथल्या घरानं भिंतीवर नाही, वाऱ्यावर भरवसा ठेवला. उंच छत, उतरती कौलं, समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि दारापुढं बसायला 'बाल्कांव'. मुसळधार पाऊस ओघळून जावा आणि घामाला वारा लागावा, एवढाच हेतू. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, चौकोनी तुकडे बसवलेले दिसतात. त्यातून उजेड येतो, उन्हाचा झगझगाट नाही.

रिसॉर्टच्या इमारतींत आज उतरती कौलं, पडव्या आणि जांभ्या दगडाच्या भिंती दिसतात, त्या या घरांवरून घेतलेल्या आहेत. काही ठिकाणी ही फक्त शोभा असते, आतली खोली चारही बाजूंनी बंद. पण जिथं समोरासमोर खिडक्या आहेत आणि दुपारी चारला पंखाही न लावता बसता येतं, ते हॉटेल बांधणाऱ्यानं गोव्याचं घर खरंच समजून घेतलं, असं मी म्हणेन.

४. दुपारचा वारा कुठून येतो?

पण हा वारा येतो कुठून? एक किलो पाणी एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत एक किलो कोरडी माती पाच अंशांनी तापते. त्यात समुद्र सतत घुसळला जातो, ऊन वरच्या थरातच साठून राहत नाही. म्हणून गोव्यापुढच्या समुद्राचं पाणी वर्षभर साधारण २७ ते ३० अंशांच्या दरम्यान राहतं. वाळू मात्र दुपारी पाय भाजवते.

सकाळी दहा-अकराच्या सुमाराला जमीन समुद्रापेक्षा गरम होते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हा खारा वारा. दुपारी दोन-चारच्या सुमाराला तो ऐन भरात असतो. रात्री उलटं. जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून बसतो आणि वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहू लागतो. हा मतलई वारा. शिडाच्या होड्या मतलईवर पहाटे समुद्रात जायच्या आणि खाऱ्या वाऱ्यावर दुपारी परत यायच्या.

रात्री बाल्कनीत बसून वाराच नाही म्हणणाऱ्यांना याचं उत्तर इथं आहे. खारा वारा थांबला आणि मतलई सुरू व्हायची आहे, या मधल्या वेळेत किनाऱ्यावर पान हलत नाही.

५. तिथीची पाऊणपट

भरतीची वेळ कळायला मोबाइल लागतोच असं नाही. आपल्या घरातलं पंचांग पुरतं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

हे चालतं कसं? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीनं येते आणि चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. भरतीही तेवढीच मागं सरकते. पन्नास मिनिटं म्हणजे पाऊण तासाच्या जवळ. हिशेब ढोबळ आहे, मुंबईपेक्षा गोव्यात भरती काहीशी आधी येते, पण वाळूत फिरायला कधी निघावं हे ठरवायला पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमाराला त्यांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांगाची. उधाणाला गोव्यात पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं, मुंबईला याच्या दुपटीहून जास्त.

एकादशीचा उपास आपण नेमानं करतो. त्याच एकादशीत समुद्राची वेळ दडलेली आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

६. विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी

हा भाग सावकाश वाचा. आपल्याकडची मुलं पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात आणि चांगली शिकतात. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळं ते पाणी जड असतं आणि माणूस त्यात विहिरीपेक्षा थोडा जास्त तरंगतो. इथंच फसगत होते. पोहणाऱ्याला वाटतं, हे तर सोपं आहे.

विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं नसतं. लाटा किनाऱ्याकडं पाणी आणतात, ते परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या सखल पट्ट्यातून ओढ्यासारखं जोरात समुद्राकडं निघतं. या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं. अनोळखी माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजून तिथं उतरतो. ओढ लागल्यावर तो सरळ किनाऱ्याकडं हात मारू लागतो. पट्टीचा पोहणाराही या ओढीपुढं थकतो, आणि माणूस बुडतो तो बहुतेक दमून. ओढ लागली तर तिच्याशी झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. हा पट्टा सहसा अरुंद असतो. त्याच्या बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडं आणतात.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या जागेतच उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर उतरू नका. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाय भिजवण्यापुरतंही पुढं जाऊ नका. आणि पोहता न येणाऱ्यानं पोहता येणाऱ्याच्या भरवशावर कमरेच्या वर जाऊ नये. आपल्या भागातून सहलीला गेलेली तरुण मुलं परत न आल्याच्या बातम्या मी इतक्यांदा वाचल्या आहेत, की हे हात जोडून लिहितो आहे.

७. हॉटेलची हद्द कुठं संपते?

रिसॉर्टच्या जाहिरातीत 'स्वतःचा किनारा' असं लिहिलेलं असतं. पण भरती आणि ओहोटीच्या रेषांमधली वाळू आपल्या देशात कोणाच्याही खासगी मालकीची नसते. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. त्यातूनच पुढं १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आली. तिच्यात पुढं बरेच फेरफार झाले. पण हॉटेलच्या बागेपलीकडच्या वाळूवर चालायला खोली घ्यावी लागत नाही. ज्यांना रिसॉर्टचं भाडं परवडत नाही त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. समुद्र बघायचा तुमचा हक्क पाहुण्याच्या हक्काएवढाच आहे.

८. समुद्राकाठचं गोडं पाणी

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या परभणीच्या साधारण तिप्पट. मग तिथं पाण्याची काळजी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण जमिनीखाली काय घडतं ते पाहा.

किनाऱ्याच्या जमिनीत मुरलेलं गोडं पाणी समुद्रातून आत झिरपलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पाण्यावर बर्फ तरंगतो तसं. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड. त्यामुळं समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल तर सपाटीच्या खाली ते चाळीस फूट असतं. एक डच आणि एक जर्मन अभियंता, बादोन घायबेन आणि हर्झबर्ग, यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर हे स्वतंत्रपणे शोधून काढलं. ऐकायला छान वाटतं. पण उपशानं विहिरीची पातळी एक फूट खाली गेली, तर कालांतरानं खालचं खारं पाणी चाळीस फूट वर येतं. आपल्याकडं विहीर आटते आणि पुढच्या पावसात भरते. किनाऱ्यावरची विहीर एकदा खारट झाली की गोड व्हायला कित्येक पावसाळे लागू शकतात. तोवर शेजारच्या नारळीला आणि घरालाही तेच मचूळ पाणी.

म्हणून मला समुद्र समोर असताना गोड्या पाण्याचा भला मोठा तलाव बांधणारं हॉटेल बघून अस्वस्थ वाटतं. ज्यांच्या आया-आजींनी उन्हाळ्यात हंडा-हंडा पाणी वाहिलं, त्यांना तसं वाटणारच. खोलीतल्या टॉवेलाजवळ 'पुन्हा वापरायचा असेल तर टांगून ठेवा' अशी पाटी असते. टांगून ठेवा. पहिल्या भागातल्या कारणानं तो वाळणार नाही, पण त्या दमट टॉवेलनं तुमचं काही बिघडत नाही आणि धुलाईचं पाणी वाचतं.

गोड्या पाण्याची कदर दोन्हीकडं जुनी आहे. चारठाण्यात यादवकाळातल्या देवळांच्या सोबतीनं बारवा आहेत. गोकुळेश्वर मंदिरापाशीच्या बारवेच्या पायऱ्या उतरताना अंगाला जो गारवा लागतो, तो सावलीचा, ओल्या दगडांवरून वाळणाऱ्या पाण्याचा आणि खोलातल्या जमिनीचा. दुष्काळी मुलखातल्या माणसांनी पाण्याशेजारी देव बसवला.

गोव्यात मांडवीच्या मुखावर पोर्तुगीजांनी १६१२ साली आग्वादचा किल्ला पुरा केला. 'आग्वाद' या नावाचाच अर्थ पाणी भरायची जागा. लिस्बनहून महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यावरून आलेली गलबतं इथं गोडं पाणी भरून घ्यायची. त्यासाठी किल्ल्यात सुमारे चोवीस लाख गॅलनांचं टाकं बांधलं. त्याच किल्ल्याच्या तटाशी १९७४ साली ताज समूहाचं किनाऱ्यावरचं रिसॉर्ट उभं राहिलं, गोव्यातल्या पंचतारांकित मुक्कामांतलं सुरुवातीचं. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल देशांचे शासनप्रमुख दिल्लीची बैठक चालू असतानाच मध्ये विश्रांतीसाठी गोव्यात आले, ते याच परिसरात.

किल्ल्यावर गेलात तर दीपगृहासोबत फोटो काढून लगेच मागं फिरू नका. मधल्या मोकळ्या चौकात पायाखाली ते टाकं आहे. चारठाण्याच्या बारवेत जसं वाकून बघतो, तसं तिथंही बघा.